नेमकी शस्त्रे आणि शेजारची माणसे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रोनने कुणाला टिपले अशी बातमी आली की चर्चा होते ती मेलेल्या म्होरक्याची. या पानावरचे प्रश्न त्याच्या आजूबाजूच्या माणसांबद्दल आहेत. बायको, मुले, शेजारी, रस्त्यावरून जाणारा, कधी तर ज्याला म्होरक्या समजले तो निरपराध माणूसच. पहिले उदाहरण काबूलचे घेतले आहे. तिथे हल्ला करणाऱ्या देशानेच चूक कबूल केली, त्यामुळे काय घडले यावर वाद उरत नाही आणि ते योग्य होते का, या प्रश्नाकडे सरळ जाता येते.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये काय घडले?

अमेरिकन सैन्य अफगाणिस्तानातून निघत होते. तीन दिवस आधी, २६ ऑगस्टला, विमानतळाच्या फाटकावर इस्लामिक स्टेटच्या खोरासान शाखेच्या आत्मघाती हल्लेखोराने स्फोट घडवला. त्यात अमेरिकेचे १३ सैनिक आणि सुमारे १७० अफगाण माणसे मेली. पुढचा हल्ला पांढऱ्या टोयोटा कोरोला गाडीतून होईल अशी खबर होती. काबूलमध्ये पांढऱ्या कोरोला किती असतात हे तिथे राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

अशा एका गाडीच्या मागे ड्रोन लागले. जवळजवळ आठ तास गाडी नजरेखाली होती. चालवणारा माणूस कॅलिफोर्नियातल्या एका मदतसंस्थेत नोकरीला होता. दिवसभर तो सहकाऱ्यांना सोडत-घेत होता आणि संध्याकाळी त्याने कार्यालयातून पाण्याचे कॅन गाडीत भरले, कारण घरी पाणी नव्हते. वरून पाहणाऱ्यांना ते कॅन स्फोटके वाटले. पाचच्या सुमारास गाडी घराच्या अंगणात शिरली, मुले गाडीकडे धावली आणि एमक्यू-९ रीपर या ड्रोनने एक हेलफायर क्षेपणास्त्र सोडले. १० माणसे मेली. त्यातली ७ मुले होती.

अमेरिकेचे सर्वोच्च सेनाधिकारी जनरल मार्क मिली यांनी तीन दिवसांनी हा हल्ला न्याय्य असल्याचे सांगितले. पत्रकारांनी घराघरांत जाऊन, कॅमेऱ्यांचे चित्रण मिळवून ती मांडणी मोडून काढली. १७ सप्टेंबरला त्या भागातल्या अमेरिकन सैन्याचे प्रमुख जनरल केनेथ मॅकेन्झी यांनी ही दुःखद चूक असल्याचे मान्य केले. मेलेल्यांपैकी एकाचाही इस्लामिक स्टेटशी संबंध नव्हता.

क्षेपणास्त्र तर बरोबर गाडीवर पडले. मग चूक कुठे झाली?

या विषयाची सगळी गाठ याच प्रश्नात आहे. क्षेपणास्त्र जिथे पाठवले तिथेच गेले. ती जागा बरोबर आहे का, तिथे कोण आहे आणि आणखी कोण आहे, ही तीन उत्तरे क्षेपणास्त्राजवळ नसतात. ती माणसाने मिळवायची असतात. शस्त्र सुधारले म्हणून ती आपोआप सुधारत नाहीत.

बेलग्रेडचे उदाहरण घ्या. ७ मे १९९९ च्या रात्री नाटोच्या युगोस्लाव्हियावरील मोहिमेत अमेरिकन विमानाने उपग्रहाच्या आधाराने चालणारे पाच बॉम्ब एका इमारतीवर टाकले. लक्ष्य होते शस्त्रखरेदी करणारे सरकारी कार्यालय. बॉम्ब पडले चीनच्या दूतावासावर आणि तीन चिनी पत्रकार मेले. बॉम्बांची चूक काहीच नव्हती, पत्ताच चुकीचा काढला गेला होता. दूतावास काही वर्षांपूर्वी नव्या जागी आला होता आणि तपासणीसाठी ठेवलेल्या नोंदींत तो जुन्याच जागी होता.

त्याआधीचे बगदाद आणखी भयानक आहे. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमिरिया भागातल्या भूमिगत आश्रयस्थानावर लेसरच्या मदतीने नेम साधणारे दोन बॉम्ब टाकले गेले. पहिल्याने छताला भोक पाडले, दुसरा त्या भोकातून आत गेला. तंत्राच्या दृष्टीने त्याहून अचूक काम होणे अवघड. आत झोपलेली ४०० हून अधिक माणसे मेली, त्यात स्त्रिया आणि मुले फार होती. अमेरिकेच्या मते ते लष्करी नियंत्रण केंद्र होते. रात्री तिथे कुटुंबे झोपायला येतात ही माहिती हल्ला ठरवणाऱ्यांपर्यंत पोचली नव्हती, किंवा तिला वजन दिले गेले नव्हते.

शस्त्र जितके नेमके होते तितका त्याच्यामागचा आत्मविश्वासही वाढतो, हे मला या तिन्ही घटनांत सारखे दिसते. पडद्यावर चित्र स्पष्ट असले की आपल्याला समजलेही स्पष्ट आहे असे वाटू लागते.

नागरिक मेले म्हणजे युद्धगुन्हा झालाच का?

नाही. आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा तितका कडक नाही. त्याचे तीन मुख्य नियम १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या पहिल्या पूरक करारात लिहिलेले आहेत. पहिला भेदाचा: लढणारा आणि न लढणारा यांत फरक करा, नागरिकांना लक्ष्य करू नका. दुसरा प्रमाणाचा: हल्ल्यातून मिळणाऱ्या ठोस आणि प्रत्यक्ष लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची अपेक्षित हानी अतिरेकी असेल तर हल्ला करू नका. तिसरा खबरदारीचा: लक्ष्याची खातरजमा करा, कमी हानी होईल असे साधन आणि अशी वेळ निवडा, जमेल तिथे आधी इशारा द्या, आणि चूक लक्षात आली तर हल्ला थांबवा.

अमेरिका, इस्रायल आणि भारत यांपैकी कुणीही या पूरक कराराला मान्यता दिलेली नाही. तरी हे नियम आता रूढ कायद्याचा भाग मानले जातात आणि बहुतेक सेना ते आपल्याला लागू आहेत असे धरून चालतात.

मोजमाप कधीचे, हेही महत्त्वाचे आहे. हल्ला ठरवताना काय माहीत होते आणि काय माहीत करून घेता आले असते, यावरून कायदा निवाडा करतो. नंतर किती मेले यावरून नव्हे. हे न्यायाचेच आहे. मात्र त्यामुळे पळवाटही तयार होते: जो कमी शोध घेतो त्याला कमी माहीत असते. म्हणून तिसरा नियम मला तिघांत सर्वांत मोलाचा वाटतो.

‘आमचा तसा हेतू नव्हता’ एवढे पुरेसे का नाही?

हेतूला किंमत आहेच. शाळेवर मुद्दाम बॉम्ब टाकणारा आणि शस्त्रागारावर बॉम्ब टाकताना ज्याच्या हातून शेजारच्या घरातले मूल मेले तो वैमानिक यांना एकाच तराजूत घालता येत नाही. पाश्चात्त्य नीतिशास्त्रात हा भेद तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसपर्यंत मागे नेतात. स्वसंरक्षणात हल्लेखोर मेला तर काय, या प्रश्नावर त्याने म्हटले की एका कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूतला आणि एक हेतूबाहेरचा. पुढे त्यातून सिद्धान्त झाला: वाईट परिणाम आधी दिसत असला तरी तो हेतू नसेल, साधन नसेल आणि चांगल्या परिणामाच्या प्रमाणात असेल तर कृती क्षम्य ठरू शकते.

अडचण अशी की या सिद्धान्ताने फार स्वस्तात सुटका होते. हेतू मनात असतो आणि मन कुणी उघडून पाहत नाही. म्हणून विसाव्या शतकात त्याला आणखी एक अट जोडली गेली: हानी टाळण्यासाठी तुम्ही स्वतः काही किंमत मोजली पाहिजे. वेळ घालवला, संधी सोडली, स्वतःच्या माणसांचा धोका थोडा वाढवला, असे काहीतरी. तसे काहीच केले नसेल तर ‘हेतू नव्हता’ या म्हणण्याला आधार राहत नाही.

आपल्याकडे विहिरीला सुरुंग लावतात तेव्हा हेच पाळले जाते. सुरुंग लावणाऱ्याला कुणाला मारायचे नसते, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरीही तो दोन्ही बाजूंनी वाट अडवतो, लाल फडके दाखवतो, ओरडून सांगतो आणि कुणाचे जनावर चुकून आत आले तर वात पेटवायचे थांबवतो. हे न करता दगड उडून कुणी दगावले तर गाव त्याचा हेतू विचारत बसत नाही.

काबूलचा तपास हवाई दलाचे महानिरीक्षक लेफ्टनंट जनरल सामी सईद यांनी केला. कायद्याचा भंग झाला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण त्याच तपासात नोंद आहे की क्षेपणास्त्र सोडण्याच्या दोन मिनिटे आधी चित्रणात एक मूल दिसत होते. ते सहज नजरेतून सुटण्यासारखे होते, असेही त्यांनी म्हटले. जे शोधत होतो तेच दिसत गेले, हा दोष त्यांनी मान्य केला. आठ तासांत कॅन उचलणारा माणूस कोणत्या संस्थेच्या फाटकातून बाहेर पडतो आहे, हे कुणी तपासले नाही. माहीत नसणे आणि माहीत करून न घेणे यांतले अंतर इथे दोन मिनिटांचे नाही, आठ तासांचे आहे.

मग किती माणसांचा मृत्यू ‘चालेल’, हे कोण ठरवते?

प्रत्यक्षात आकडे ठरवले जातात. २००३ च्या इराकवरील आक्रमणात ३० किंवा त्याहून अधिक नागरिक मरण्याची शक्यता असलेल्या हल्ल्याला थेट संरक्षणमंत्र्यांची मंजुरी लागत असे. त्याखालचे निर्णय खालच्या पातळीवर होत. हे ऐकून अंगावर काटा येतो. पण आकडाच नसता तर काय झाले असते, याचाही विचार करावा लागतो. मर्यादा लिहिलेली असली की निदान कुणीतरी मोजायला बसते.

मोजूनही कसे फसते ते गाझामध्ये दिसले. २२ जुलै २००२ च्या रात्री इस्रायलच्या एफ-१६ विमानाने दाट वस्तीतल्या घरावर एक टनाचा बॉम्ब टाकला. लक्ष्य होता हमास या पॅलेस्टिनी संघटनेच्या लष्करी शाखेचा प्रमुख सलाह शहादा. तो मेला. त्याच्याबरोबर त्याची बायको, मुलगी आणि शेजारच्या घरांतली माणसे मेली, एकूण डझनाहून अधिक नागरिक, आणि त्यांत मुलेच जास्त. शेजारच्या शेडवजा बांधकामांत कुणी राहत नाही असा समज होता. इस्रायलने नेमलेल्या आयोगाने २०११ मध्ये निष्कर्ष काढला की परिणाम प्रमाणाबाहेर होता, मात्र तो कुणाला अभिप्रेत नव्हता. गुप्तवार्ता अपुरी पडली.

या घटनेला एक पुढचा भाग आहे आणि तो कमी सांगितला जातो. सप्टेंबर २००३ मध्ये हमासचे प्रमुख नेते, शेख यासीनसह, गाझातल्या एका घरात जमले होते. शहादाच्या अनुभवानंतर इस्रायलने पाव टनाचाच बॉम्ब वापरला. घराचा वरचा भाग कोसळला, नेते निसटले. संयमाला किंमत असते ती अशी. ती किंमत मोजलेली पाहिली की तिच्याबद्दल बोलणे पोकळ वाटत नाही.

लेबनॉनमधल्या पेजरच्या स्फोटांत तर शस्त्र शत्रूच्याच खिशात होते. त्याहून नेमके काय असू शकते?

१७ सप्टेंबर २०२४ च्या दुपारी लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेच्या माणसांकडचे हजारो पेजर, म्हणजे संदेश आला की वाजणारी खिशातली यंत्रे, एकाच वेळी फुटले. दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी फुटले. दोन दिवसांत ३० हून अधिक माणसे मेली, हजारो जखमी झाली. मृतांत दोन मुले होती. बहुतेकांच्या जखमा हातांना आणि डोळ्यांना झाल्या, कारण पेजर वाजल्यावर माणूस तो हातात घेऊन डोळ्यांसमोर धरतो. नोव्हेंबरमध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांनी या कारवाईला आपण मंजुरी दिल्याचे मान्य केले.

या कारवाईच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा हलका नाही. पेजर एका सशस्त्र संघटनेने आपल्या माणसांसाठी घेतले होते, बाजारात विकायला नव्हते. स्फोटके थोडी होती. एवढ्याच माणसांना बॉम्ब टाकून गाठायचे म्हटले असते तर वस्त्याच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या असत्या. हे म्हणणे मी उडवून लावणार नाही.

पण बटण दाबले गेले त्या क्षणी प्रत्येक पेजर कुठे आहे, हे कुणालाच माहीत असणे शक्य नव्हते. तो दुकानात आहे, दवाखान्यात आहे, गाडी चालवणाऱ्याच्या कमरेला आहे, की वाजतो म्हणून बापाला नेऊन द्यायला मुलीने उचलला आहे? शिवाय हिजबुल्ला ही लढणाऱ्यांची संघटना आहे तशीच दवाखाने आणि मदतकार्य चालवणारीही आहे. पेजर बाळगणारा प्रत्येक जण लढणारा होताच असे नाही. एका हल्ल्याचा हिशेब एका वेळी मांडता येतो, हजारो हल्ले एकाच सेकंदाला झाले तर त्यातला एकही हिशेब मांडलेला नसतो. म्हणून माझ्या मते ही कारवाई नेमकी दिसली, नेमकी नव्हती.

त्यात एक स्पष्ट कायदाही आडवा येतो. काही पारंपरिक शस्त्रांवरील कराराच्या सुधारित दुसऱ्या उपकरारात निरुपद्रवी दिसणाऱ्या, हातात बाळगायच्या वस्तूंमध्ये मुद्दाम स्फोटके भरून त्या वापरायला मनाई आहे. इस्रायल त्याचा सदस्य आहे. भारतही आहे. हा नियम कशासाठी आहे? घरात पडलेली रोजची वस्तू कुणीही उचलते आणि उचलणाऱ्याला निवडता येत नाही, यासाठी.

स्फोटाऐवजी पाती असलेले क्षेपणास्त्र निघाले आहे म्हणे. मग प्रश्न सुटला का?

हेलफायरचा आर९एक्स नावाचा प्रकार आहे. त्यात स्फोटक अग्र नाही. आदळण्याआधी पाती बाहेर येतात आणि क्षेपणास्त्राचे वजन आणि वेग यांनीच माणूस मरतो. ३१ जुलै २०२२ रोजी काबूलमध्ये अल-कायदाचा प्रमुख अयमान अल-जवाहिरी गच्चीत उभा असताना मारला गेला, त्यात हेच वापरल्याचे सांगितले जाते. घरात त्याचे कुटुंब होते, त्यांना इजा झाली नाही, असे अमेरिकेने जाहीर केले.

शेजाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. फक्त वर्षभरापूर्वी त्याच शहरात अंगणात उभ्या गाडीवर हे क्षेपणास्त्र पडले असते, तरी पाणी घेऊन घरी आलेला माणूस मेलाच असता. पाती शेजाऱ्याला वाचवतात, चुकीने निवडलेल्या माणसाला नाही.

दहशतवादी मुद्दाम वस्तीत लपतात. दोष त्यांचाच नाही का?

त्यांचा दोष आहे आणि तो मोठा आहे. नागरिकांची ढाल करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, ते कायदाही सांगतो. पण त्यामुळे हल्ला करणाऱ्याची खबरदारीची जबाबदारी संपत नाही, हेही कायद्यात लिहिलेले आहे. ज्या मुलाला ढाल केले गेले त्याने काहीही केलेले नसते. ते दोन पक्षांच्या मध्ये आहे. एका पक्षाने त्याचा अपमान केला म्हणून दुसऱ्याला तो करायची मोकळीक मिळत नाही.

ड्रोन नकोत असे म्हटले तर उरतात तोफा आणि विमाने. त्यात जास्त माणसे मरणार नाहीत का?

मरतील. दुसऱ्या महायुद्धात शहरेच्या शहरे जाळली गेली ती नेम साधता येत नव्हता म्हणूनही. नेमकी शस्त्रे हवीतच.

माझा आक्षेप वेगळा आहे. हल्ला सोपा आणि स्वतःसाठी बिनधोक झाला की त्याची संख्या वाढते आणि जिथे आधी कुणी सैन्य पाठवले नसते तिथेही तो होतो. ओबामा सरकारने जुलै २०१६ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, प्रत्यक्ष युद्धक्षेत्राबाहेर २००९ ते २०१५ या काळात ४७३ हल्ले झाले आणि त्यांत ६४ ते ११६ नागरिक मेले. स्वतंत्र पत्रकारांचे अंदाज याच्या कितीतरी पट आहेत. मे २०१३ मध्ये ओबामांनीच नागरिक मरणार नाहीत याची जवळजवळ खात्री असल्याशिवाय हल्ला नको, असे धोरण जाहीर केले होते. जानेवारी २०१५ मध्ये, ते धोरण असतानाच, अफगाणिस्तान-पाकिस्तान सीमेजवळच्या हल्ल्यात अल-कायदाने ओलीस धरलेले दोन मदत कर्मचारी मेले, एक अमेरिकन आणि एक इटालियन. कित्येक तास त्या जागेवर पाळत होती. ओलीस तिथे आहेत हे दिसले नाही, कारण ओलिसांना कुणी अंगणात फिरू देत नाही.

वार्षिक आकडे जाहीर करण्याची सक्ती मार्च २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने रद्द केली.

काबूलबद्दल कुणाला शिक्षा झाली का?

नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कुणावरही कारवाई होणार नसल्याचे सांगितले. चूक एका माणसाची नव्हती, अनेक ठिकाणच्या लहान चुकांची साखळी होती, असे कारण दिले गेले. ते खरे असेलही. पण जबाबदारी जितक्या हातांत वाटावी तितकी प्रत्येक हातातली कमी होत जाते आणि शेवटी दहा मृत्यूंना कुणीच उत्तरदायी राहत नाही. बेलग्रेडनंतर निदान सीआयए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने एका अधिकाऱ्याला काढले आणि सहा जणांना ठपका दिला होता.

काही हालचाल मात्र झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी नागरी हानी कमी करण्याचा कृती आराखडा काढला. लक्ष्य ठरवताना विरुद्ध बाजूने शंका घेणारी माणसे नेमणे, हानीची नोंद ठेवणे, असे त्याचे स्वरूप होते. मुद्दाम शंका घेणारा माणूस खोलीत असावा, ही कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. त्या आठ तासांत असा एकही आवाज असता तर?

भारताचा या सगळ्याशी काय संबंध?

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी ड्रोनच्या खरेदीचा करार केला. काबूलवर घिरट्या घालणाऱ्या रीपरच्याच कुळातले हे विमान आहे. ते टेहळणीसाठी फार उपयोगी आहे आणि शस्त्रेही वाहू शकते. म्हणजे यापुढे पडद्यासमोर बसून खातरजमा करण्याची वेळ आपल्या अधिकाऱ्यांवरही येऊ शकते.

आणि चुकीच्या ओळखीतून होणारे मृत्यू आपल्याला नवे नाहीत. ४ डिसेंबर २०२१ रोजी, काबूलनंतर जेमतेम तीन महिन्यांनी, नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ कोळसा खाणीतून पिकअप गाडीने घरी परतणाऱ्या कामगारांना लष्कराच्या विशेष दलाने अतिरेकी समजून गोळ्या घातल्या. सहा जण मेले. नंतर उसळलेल्या संतापात आणखी गावकरी आणि एक सैनिकही मेला. इथे ड्रोन नव्हते. बाकी सगळे तेच होते: अमुक वाटेने अमुक गाडी येणार अशी खबर, तशी गाडी दिसणे, आणि आतले कोण हे न पाहता निर्णय. राज्य पोलिसांनी ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवले. केंद्राने खटल्याला परवानगी नाकारली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कामकाज बंद केले, परवानगी मिळाल्यास पुन्हा सुरू करण्याची मुभा ठेवून. अमेरिकेला कुणालाच शिक्षा का केली नाही असे विचारताना हेही आपल्या डोळ्यांसमोर असावे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झाला आहे का?

महाभारतात सौप्तिक पर्वाच्या शेवटी अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही अस्त्रे सोडतात. व्यास आणि नारद मध्ये उभे राहतात आणि अस्त्रे मागे घ्यायला सांगतात. अर्जुनाला ते जमते. अश्वत्थाम्याला सोडायची विद्या येते, मागे घ्यायची येत नाही, आणि तो ते अस्त्र पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. उत्तरेच्या पोटातला परीक्षित त्याने मरतो आणि कृष्ण त्याला जिवंत करतो. मागे घेता येत नाही ते अस्त्र सोडण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न कथेने विचारला आहे. आज लेसरने नेम साधणारे क्षेपणास्त्र शेवटच्या काही सेकंदांत मोकळ्या जागी वळवता येते. विद्या आहे, मूल दिसले पाहिजे.

शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र बहुतेकांनी वाचलेले असते. रयतेला काडीचाही उपद्रव होऊ नये, लागेल ते बाजारातून विकत आणावे, हा भाग सर्वत्र सांगितला जातो. त्याच पत्रात पुढे आगीबद्दल लिहिले आहे. कुणी स्वयंपाकाला चूल पेटवेल, कुणी चिलमीला विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. काळजी गवताची आणि घोड्यांची आहे. पण दृष्टी पाहा: कुणाचाही हेतू नसताना काय होऊ शकते, याचा अंमलदाराने आधीच विचार करायचा, आणि तो केला नाही तर दोष उंदराचा नाही, अंमलदाराचा.

लक्ष्य संगणकानेच ठरवले तर माणसाच्या चुका टळतील का?

काही टळतील. पण पांढरी कोरोला, जड कॅन, संशयित घराजवळ थांबलेली गाडी, एवढ्या खुणा जुळवून निर्णय घेण्यात संगणक माणसापेक्षा वेगवान असेल, शहाणा असेलच असे नाही. तो हीच चूक दिवसाला शंभर वेळा करू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वयंचलित घातक शस्त्रांबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव १५२ मतांनी संमत केला. विरोधात चार मते पडली आणि त्यांत भारताचे एक होते. हा विषय वर आलेल्या काही पारंपरिक शस्त्रांवरील कराराच्या मंचावरच हाताळावा, अशी भारताची भूमिका आहे. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, त्यामुळे ते वर्षानुवर्षे लांबतात. शस्त्रे तोवर थांबलेली नाहीत.

मेलेल्यांच्या घरच्यांना काय मिळते?

ते मेलेला कोणत्या देशाचा, यावर फार अवलंबून राहिले आहे. बेलग्रेडमधल्या बळींच्या कुटुंबांसाठी आणि जखमींसाठी अमेरिकेने ४५ लाख डॉलर दिले आणि दूतावासाच्या इमारतीसाठी वेगळे २.८ कोटी. २०१५ मध्ये मेलेल्या इटालियन कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला सुमारे १२ लाख युरो मिळाले आणि राष्ट्राध्यक्षांनी सर्वांसमोर माफी मागितली.

ऑक्टोबर २०१२ मध्ये पाकिस्तानच्या उत्तर वझिरिस्तानात शेतात भाजी तोडणारी एक आजी ड्रोनच्या हल्ल्यात मेली. तिचा मुलगा आणि दोन नातवंडे वर्षभराने वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांसमोर बोलली. ऐकायला पाच सदस्य आले होते. काबूलच्या कुटुंबाला सानुग्रह रक्कम देण्याची आणि अमेरिकेत येण्यास मदत करण्याची तयारी संरक्षण खात्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये दाखवली. इटलीच्या आणि काबूलच्या घरांत फरक एवढाच की पहिल्याच्या मागे एक सरकार उभे होते. रक्कम किती हा नंतरचा भाग. किमान हल्ला झाला, तो आम्ही केला, तुमचा माणूस निरपराध होता, एवढे तीन शब्द लेखी मिळणे हा प्रत्येक कुटुंबाचा हक्क मानला जावा आणि त्यासाठी पत्रकारांनी आधी सत्य खणून काढण्याची अट नसावी.